एका रात्रीसाठी सातशे किलोमीटर

मालगुंडात रविवारी सकाळी दहाच्या सुमारास रस्त्याच्या कडेला उभं राहिलं की शहरी कुटुंबाच्या सुट्टीचं अंदाजपत्रक डोळ्यांसमोरून गाडीगाडीने जाताना दिसतं. शनिवारी दुपारी आलेल्या गाड्या परत निघालेल्या असतात. काचेला अडकवून वाळत टाकलेले टॉवेल, मागच्या सीटवर झोपलेली पोरं, पुढच्या सीटवर घाटात कोंडी लागेल का याची चर्चा. गणपतीपुळ्याचं दर्शन झालं, वाळूत तासभर झाला, रात्री सुरमई झाली, सकाळी आंबोळ्या झाल्या. आता सोमवारचं ऑफिस. केशवसुतांचं घर आणि १९९४ साली उभं राहिलेलं स्मारक वाटेवरच आहे. बऱ्याच गाड्या तिथे थांबत नाहीत. वेळ नसतो.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून उन्हाळ्याच्या संध्याकाळी बसून देशाच्या अर्थकारणावर ऐकायची मराठी माणसाला सवय आहे. घरच्या सुट्टीवर किती पैसे घालावेत हा विषय मात्र व्यासपीठावर जरा हलका मानला जातो. तो घरात, बहुधा एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, आवाज चढवून हाताळला जातो. मालगुंडात तो मांडायला एक सोय आहे: हे गाव पाहुण्यांच्या खर्चावर चार पैसे मिळवतं आणि याच गावाचे चाकरमानी मुंबईहून पदरचा खर्च करून इथे येतात. हिशेबाच्या दोन्ही बाजू एकाच आळीत सापडतात.

आधी पाहुण्यांची बाजू. पुण्याहून गणपतीपुळे साधारण सव्वातीनशे किलोमीटर. येणं-जाणं आणि इथलं थोडं फिरणं मिळून सातशे धरले, गाडी लिटरला चौदा किलोमीटर देते असं मानलं, तर पन्नास लिटर पेट्रोल लागतं. लिटरचा भाव शंभराच्या वर आहे. टोल मिसळला की सहा हजार रुपये रस्त्यावरच संपले. चौघांच्या कुटुंबाला बऱ्यापैकी खोली अडीच हजारांना आणि खाणंपिणं दिवसाला अडीच हजार, म्हणजे मुक्कामाचा खर्च रात्रीला पाच हजार. हे आकडे फक्त उदाहरणाचे. कुणी हजाराने कमी करील, कुणी दुप्पट करील. गंमत आकड्यांत नाही, त्यांच्या मांडणीत आहे. एका रात्रीची सहल अकरा हजारांना पडते. वर्षातून तीनदा असं आलं तर तेहतीस हजार खर्च होतात आणि पदरात तीन रात्री पडतात. तेच कुटुंब एकदाच येऊन पाच रात्री राहिलं तर रस्त्याचे सहा हजार अधिक मुक्कामाचे पंचवीस, मिळून एकतीस हजार. दोन हजार कमी आणि दोन रात्री जास्त.

या सरळ गुणाकाराकडे लोक पाठ का फिरवतात? कारण सलग रजा मिळत नाही, हे एक. दुसरं कारण सांगायला थोडं अवघड आहे: पाच दिवस एका गावात करायचं काय, ही धास्ती. ती निराधार आहे. जयगडचा किल्ला आणि दीपगृह जवळ आहे. जयगडहून फेरीबोटीने गाडीसकट तवसाळला उतरता येतं. आरे-वारेच्या किनाऱ्याने रत्नागिरीला गेलं की टिळकांचं जन्मघर, ब्रह्मदेशच्या थिबा राजाचा राजवाडा आणि १९३१ मध्ये सर्व जातींसाठी उघडलेलं पतितपावन मंदिर, एवढ्याला एक दिवस पुरत नाही. या साऱ्याला मिळून लागणारा पैसा शहरातल्या मॉलमधल्या एका दुपारपेक्षा कमी आहे. समुद्रात उतरणं तेवढं बेतानं. गणपतीपुळ्याच्या पाण्याने अनेक पर्यटकांचे जीव घेतले आहेत.

आता किती खर्च करावा, या मूळ प्रश्नाकडे. उत्पन्नाच्या अमुक टक्के असा नियम सांगणारे सल्लागार पुष्कळ भेटतात. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या कौटुंबिक उपभोग खर्चाच्या पाहणीत शहरी भारतात माणशी सरासरी मासिक खर्च ६,९९६ रुपये निघाला, ग्रामीण भागात ४,१२२. शहरातलं चौघांचं सरासरी घर त्या हिशेबाने वर्षाला सुमारे ३ लाख ३६ हजार रुपये खर्चतं, खेड्यातलं दोन लाखांच्या किंचित आत. वर सांगितलेली सहल तीन रात्रींची केली तर २१ हजार. शहरी घराला ती वर्षाच्या खर्चाच्या सव्वासहा टक्के पडली, ग्रामीण घराला साडेदहा. समुद्र एकच, मासा एकच, खोली एकच. टक्का मात्र जवळपास पावणेदोनपट. टक्क्याचा नियम सगळ्यांना सारखा लावणाऱ्याने हे दोन आकडे एकदा शेजारी ठेवून पाहावेत. ज्याच्या घरात फी, औषधं आणि घराचा हप्ता यांनंतर काही उरतं त्याने टक्केवारी बोलावी. बाकीच्यांसाठी मला एकच कसोटी दिसते: सहलीचे पैसे सहलीआधी साठलेले असावेत.

ही कसोटी जुनाट वाटेल. ती आकड्यांनी तपासता येते. दोन लाखांच्या सहलीसाठी चौदा टक्के व्याजाने दोन वर्षांचं वैयक्तिक कर्ज घेतलं तर महिन्याचा हप्ता ९,६०० रुपयांच्या आसपास बसतो. तेच दोन लाख दोन वर्षांनी हवे म्हणून साडेसहा टक्क्यांच्या आवर्ती ठेवीत आजपासून भरायला लागलं तर महिन्याला सुमारे ७,८०० पुरतात. फरक महिन्याला अठराशेचा, दोन वर्षांत ४३ हजारांचा. म्हणजे कर्जाने गेलेलं कुटुंब दोन लाखांची सहल करतं आणि वर मालगुंडच्या सात रात्रींचे पैसे सावकाराला देऊन मोकळं होतं. क्रेडिट कार्डाची थकबाकी ठेवली तर हिशेबच नको. महिन्याला साडेतीन टक्के लागले की साध्या हिशेबानेही वर्षाला बेचाळीस होतात. जाहिरात म्हणते आधी फिरा, मग फेडा. भिशी लावून अष्टविनायक करणाऱ्या बायकांना हे गणित कुणी शिकवलं नव्हतं, पण त्यांचा व्यवहार नेमका उलटा, आधी भरा आणि मग फिरा, असा होता.

काशीयात्रेचा खर्चही असाच आधी साठवलेला असे, आणि त्यात परतल्यावरचं मावंदं धरलेलं असे. यात्रा घडली की गावजेवण घालायचं, त्याचे तांदूळ-गूळ निघण्याआधीच बाजूला काढून ठेवायचे. आजच्या सहलीच्या अंदाजपत्रकात परत आल्यानंतरचा खर्च कुणी लिहीत नाही. विमानतळावरून घरापर्यंतची टॅक्सी, धोब्याचं बिल, नातेवाइकांसाठी आणलेली चॉकलेटं, आणि थकून दोन दिवस बाहेरून मागवलेलं जेवण. तेच आजचं मावंदं, फक्त गाव जेवत नाही.

सुट्टी म्हणजे प्रेक्षणीय स्थळ हे समीकरण तसं अलीकडचं आहे. केशवसुत १८६६ मध्ये याच गावात जन्मले. गावी गेलेल्या मित्राची खोली लागलेली पाहून लिहिलेली त्यांची कविता मराठी वाचकांना ठाऊक आहे. त्या काळी शहरात शिकणाऱ्याची वा चाकरी करणाऱ्याची सुट्टी म्हणजे खोलीला कुलूप आणि गावचा रस्ता. युरोपातही कामगाराची सहल नवीच. टॉमस कुकने ५ जुलै १८४१ रोजी लेस्टरहून लफबरोला सुमारे पाचशे लोकांना खास गाडीने नेलं, तेव्हा माणशी एक शिलिंग आकारला; गाडी भरून नेली म्हणून परवडलं. फ्रान्सच्या कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा १९३६ मध्ये मिळाली, आणि त्याच उन्हाळ्यात रेल्वेचं सवलतीचं तिकीटही. रजा मिळाली तरी भाड्याला पैसे नसले तर तिचा उपयोग नाही, हे तिथल्या सरकारला उमगलं होतं.

महाराष्ट्रात गाडी भरून नेण्याचं तेच तंत्र मराठी सहलकंपन्यांनी घरोघर पोचवलं. ‘केसरी’ १९८४ मध्ये सुरू झाली, ‘वीणा वर्ल्ड’ २०१३ मध्ये. परदेशात वरणभात मिळेल आणि बोलायला मराठी माणूस असेल, या दोन आश्वासनांवर ज्या पिढीने कधी पासपोर्ट काढला नव्हता ती स्वित्झर्लंडला जाऊन आली. यात टीकेची हौस असणाऱ्यांनी ती आवरावी. सत्तरीच्या जोडप्याला पोटाची चिंता नसणं हा सहलीतला मोठा खर्च वाचवणारा भाग आहे. मात्र जाहिरातीतला आकडा आणि खात्यातून गेलेला आकडा यांत अंतर असतं. परदेशी सहलीच्या पॅकेजवर २०२५-२६ या वर्षात १० लाखांपर्यंत ५ टक्के आणि त्यावरच्या रकमेवर २० टक्के कर आधीच वसूल केला जात होता. विवरणपत्र भरताना तो वळता होतो वा परत मिळतो, पण तोपर्यंत आठ लाखांच्या सहलीत ४० हजार अडकत, आणि ते निघण्याआधी हातात असावे लागत. शिवाय आगाऊ भरलेल्या पैशांची जोखीम. २३ सप्टेंबर २०१९ ला ब्रिटनची टॉमस कुक कंपनी बुडाली तेव्हा सुमारे दीड लाख ब्रिटिश पर्यटक परदेशात होते. त्यांना तिथल्या सरकारने परत आणलं. भारतातली त्या नावाची कंपनी तोवर वेगळ्या मालकीची झाली होती, तिला धक्का बसला नाही. पण २०२० च्या टाळेबंदीत इथल्या कित्येक कुटुंबांना रद्द झालेल्या सहलींचे पैसे रोख न मिळता पुढच्या सहलीची चिठ्ठी मिळाली. सहल रद्द झाली तर काय, हा परिच्छेद अर्जावर सर्वांत बारीक अक्षरात छापलेला असतो आणि सर्वांत आधी तोच वाचायला हवा.

देशातल्या फिरण्यात काही सवलती लोक विसरतात. नोकरदाराला प्रवास भत्त्यावरची करसूट चार वर्षांच्या गटात दोन प्रवासांसाठी मिळते. २०२२ ते २०२५ हा एक गट, त्यापुढचा २०२६ ते २०२९. ती फक्त प्रवासभाड्यावर आहे, हॉटेल-जेवणावर नाही, आणि जुनी करपद्धती निवडणाऱ्यालाच. रात्रीला साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला. अडीच हजारांच्या खोलीमागे १७५ रुपये वाचले. गावातल्या दोन-तीन खोल्यांच्या घरगुती निवासाची उलाढाल बहुधा नोंदणीच्या मर्यादेखालीच असते, तिथे हा कर मुळातच नसतो.

चाकरमान्यांचा हिशेब वेगळा. त्याला कुणी सहल म्हणत नाही. गणपतीत पाच-सात दिवस, शिमग्याला दोन, मे महिन्यात आठवडा, एवढं आलं की मुंबईतल्या नोकरीतली वर्षाची रजा संपते. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि रातराणी एसटीतल्या आठ-दहा तासांच्या हेलकाव्यांना पर्याय मिळाला. पण आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि गणपतीच्या तारखांची तिकिटं काही मिनिटांत संपतात. मग खासगी बस, तिचं दुप्पट-तिप्पट भाडं. गावी पोचल्यावर बंद घराची कौलं, विहिरीचा पंप, वीजबिल, भावकीतली वर्गणी, मखर, माहेरवाशिणीची साडी. या सगळ्याची बेरीज केली तर कित्येक घरांत ती एखाद्या केरळ सहलीइतकी भरेल. ती केली जात नाही, कारण देवाच्या आणि घराच्या कामाला खर्च म्हणायचं नाही असा संकेत आहे. माझ्या मते ती वहीत लिहावी. खर्च कमी करण्यासाठी नव्हे. वर्षाचे सुट्टीचे पैसे आधीच गावाला दिलेले आहेत हे घरातल्या पोरांना कळलं तर डिसेंबरात मनालीचा हट्ट धरण्याआधी ती निदान एकदा विचार करतील.

या वहीत आणखी एक रकाना हवा. मामाच्या गावाला गेलेल्या पिढीला ती सुट्टी फुकट पडल्याची आठवण आहे. आठ-दहा भाचरं महिनाभर यायची, पडवीत झोपायची, आंबे-फणस खायची. तांदूळ मामाचे होते हे खरं. पण पहाटे उठून चुलीवर घावणे घालणारी, दुपारी बाराजणांची पंगत वाढून मग स्वतः जेवणारी मामी होती, आणि तिचा त्या महिन्याचा मेहनताना कुठल्याच वहीत नाही. मालगुंडात आज पाहुण्यांना न्याहारी देणाऱ्या घरांत तेच घावणे, तीच चटणी असते. फरक एवढाच की ताटामागे दर ठरलेला आहे. त्या दरावर घासाघीस करणारा पाहुणा सहा हजारांचं पेट्रोल एका शब्दाने न कुरकुरता भरून आलेला असतो.

मे संपत आला की खोल्यांचे दर खाली येऊ लागतात. शाळा जूनच्या मध्यावर उघडतात आणि गाव रिकामं होतं. तारखा शाळेशी बांधलेल्या नसतील त्यांनी, म्हणजे निवृत्तांनी, नवविवाहितांनी, घरून काम करणाऱ्यांनी सोमवार ते गुरुवार यावं. खोली पुष्कळदा निम्म्या दरात मिळते आणि गणपतीपुळ्याला रांग नसते. गाडीही लागत नाही. रत्नागिरी स्थानकापर्यंत रेल्वे आणि पुढे एसटी. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धंच. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून काहीच भाडं नाही. म्हणजे आजी-आजोबा, मुलगी आणि सून असे चौघे निघाले, दोघा वृद्धांचं वय पंचाहत्तरच्या वर असलं, तर चार जागांना मिळून एका माणसाचं भाडं पडतं. आजींना तेवढं एक लक्षात ठेवावं लागतं: आधारकार्ड पिशवीच्या तळाशी जाऊ द्यायचं नाही, कारण वाहक ते पाहून शून्य रुपयांचं का होईना, तिकीट फाडून हातात देतो.