अभिरूप न्यायालय आणि आपली मुले
(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



आपल्या घरांत मूल जरा जास्त बोलू लागले, "असे का?" म्हणून विचारू लागले, की वडीलधारी मंडळी एकच वाक्य बोलतात, "फार वकिली करू नकोस." मराठी बोलणाऱ्या घरात ते मराठीत बोलले जाते, आपल्या घरात दखनीत. मूल गप्प बसते आणि आपण त्याला गुणी म्हणतो. आज मी या वकिलीची बाजू मांडणार आहे, आणि तीही मुलांच्या आईवडिलांसमोर. तेव्हा थोडे सबुरीने ऐकावे, ही विनंती.

आपल्या जिल्ह्यात आठ तालुके आहेत आणि प्रत्येक तालुक्यात बांधाचे, वाटणीचे, रस्त्याचे, विहिरीच्या पाण्याच्या पाळीचे वाद आहेत. त्यातले काही कोर्टात जातात. आपला एखादा चाचा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहतो. समोरचा वकील आवाज चढवून विचारतो, "म्हणजे मोजणी झाली तेव्हा तुम्ही पूर्ण वेळ शेतावर नव्हता, बरोबर?" चाचा पूर्ण वेळ शेतावर होते. पण शिकलेल्या, काळा कोट घातलेल्या माणसाला भर सभेत नाही म्हणणे त्यांना बेअदबीचे वाटते. ते म्हणतात, "जी साहेब." हे दोन शब्द कागदावर उतरतात आणि पुढे सगळी वर्षे तेच बोलत राहतात. जमीन जायला खोटा दस्तऐवज लागतोच असे नाही. न बोलण्याची सवयही पुरते.

आता वकिलाकडे पाहू. कायद्याची पदवी घेतली की कोर्टात बोलता येते, असा आपला समज आहे. महात्मा गांधी १८९१ साली लंडनहून बॅरिस्टर होऊन आले. मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात त्यांना पहिला खटला मिळाला, फी ३० रुपये. काम एवढेच होते की प्रतिवादीतर्फे उभे राहून वादीच्या साक्षीदारांची उलटतपासणी करायची. ते उभे राहिले, आणि त्यांना एकही प्रश्न सुचेना. खाली बसले, फी परत केली, दुसरा वकील पाहा असे सांगून निघून गेले. हे त्यांनीच आपल्या आत्मकथेत प्रांजळपणे लिहून ठेवले आहे. गांधीजींनी पुस्तके वाचली नव्हती असे नाही. रोमन कायदासुद्धा वाचला होता. प्रश्न कसा विचारायचा हे मात्र त्यांना कोणी उभे करून शिकवले नव्हते.

हे उभे करून शिकवणे म्हणजेच अभिरूप न्यायालय. इंग्रजीत त्याची दोन नावे आहेत आणि दोन्हींत फरक आहे. 'मूट कोर्ट' हे वरच्या कोर्टातल्या अपिलासारखे असते. घडलेली हकीकत दोन्ही बाजूंना मान्य असते, वाद फक्त कायद्याच्या अर्थाचा. साक्षीदार नसतात, दोन्ही बाजूंचे विद्यार्थी न्यायाधीशांपुढे युक्तिवाद करतात. 'मॉक ट्रायल' हे खालच्या कोर्टासारखे असते. तिथे काय घडले हाच वाद असतो. साक्षीदार येतात, सरतपास होतो, उलटतपास होतो, हरकती घेतल्या जातात. आपल्या देशात कायद्याच्या महाविद्यालयांतून पहिल्या प्रकाराचा बोलबाला अधिक आहे. मला मात्र आपल्या मुलांसाठी दुसरा प्रकार जास्त मोलाचा वाटतो. आपल्या माणसांची गाठ पडते ती खालच्या कोर्टाशी, आणि बहुतेक खटल्यांचा पाया तिथल्या साक्षीतच भरला जातो.

अमेरिकेत तर हे शिक्षण कायद्याच्या महाविद्यालयात जाण्याआधीच, पदवीच्या मुलांना मिळते. १९८५ साली तिथल्या आयोवा राज्यात यासाठी एक संघटना स्थापन झाली. ती दरवर्षी एका काल्पनिक खटल्याचे कागद तयार करते आणि देशभरच्या विद्यापीठांचे संघ तोच खटला चालवतात. प्रत्येक फेरीत एका बाजूचे तीन विद्यार्थी वकील होतात आणि तीन साक्षीदार. वकिलाला जसे गुण, तसेच साक्षीदारालाही. त्यात इतिहास शिकणारी मुले असतात तशी रसायनशास्त्र शिकणारीही असतात आणि पुढे सगळी वकील होतात असे मुळीच नाही. यातली मला सर्वांत पटलेली गोष्ट अशी की एका स्पर्धेत चार फेऱ्या, आणि त्यांतल्या दोन फेऱ्यांत संघाने आरोप करणाऱ्याची बाजू मांडायची, दोन फेऱ्यांत बचावाची. सकाळी ज्या साक्षीदाराला खोटे पाडले, दुपारी त्याच साक्षीदाराला खरे ठरवायचे.

हा प्रयोग आमच्या शाळेत नववीच्या वर्गात करून पाहिला. चार पानांचे कागद तयार केले. एक फिर्याद, एक पंचनामा, दोन जबाब आणि शेताचा कच्चा नकाशा. खटला साधा होता. एका शेतकऱ्याच्या कडब्याच्या गंजीला रात्री आग लागली आणि संशय शेजाऱ्यावर. मुख्य साक्षीदाराचा जबाब असा: रमजानची सत्ताविसावी रात्र होती, मी बारा वाजता मशिदीतून घरी परतत होतो, चांदण्यात मला आरोपी गंजीजवळून पळताना स्पष्ट दिसला, आणि तो पळून गेल्यावर थोड्या वेळाने गंजी पेटली.

पहिल्या फेरीत बचावाच्या मुलांनी साक्षीदाराला वीस-बावीस प्रश्न विचारले. तुमचे आरोपीशी भांडण होते का, तुम्ही चष्मा लावता का, मशीद किती लांब. साक्षीदार झालेला मुलगा बेरकी होता, सगळ्यांना पुरून उरला. आरोपी दोषी ठरला. दोन आठवड्यांनी बाजू बदलल्या. या वेळी बचावाला एक मुलगी होती. वर्गात तिचा आवाज हजेरीच्या वेळी ऐकू येई तेवढाच. ती उभी राहिली आणि तिने विचारले, "रात्र सत्ताविसावी होती हे नक्की?" तो म्हणाला, नक्की. "वेळ बाराची, हेही नक्की?" नक्की. "ईदचा चाँद त्यानंतर दोन-तीन दिवसांत दिसला?" हो. "मग सत्ताविसाव्या रात्री चंद्र किती वाजता उगवतो?"

वर्ग एकदम शांत झाला. आपल्या घरांत महिनाभर चंद्राचा हिशेब चालतो. महिन्याच्या अखेरीची ती बारीक कोर पहाटे सहेरीच्या सुमारास वर येते हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होते. बारा वाजता चांदणे कुठले? पण पहिल्या फेरीत ते कोणाच्याच डोक्यात आले नव्हते.

मुलगी इथे थांबली असती तर बाजी जिंकली होती. तिने आणखी एक प्रश्न विचारला, "मग तुम्हाला चेहरा दिसला कसा?" साक्षीदार क्षणभर गडबडला आणि म्हणाला, "गंजीच्या आगीच्या उजेडात." सगळा वर्ग हसला. ती हसली नाही. तिने टेबलावरचा जबाब उचलला आणि शेवटची ओळ मोठ्याने वाचली: आरोपी पळून गेल्यावर थोड्या वेळाने गंजी पेटली. मग ती खाली बसली.

त्या पाऊण तासात मुले काय काय शिकली ते पाहा. साक्षीदाराला मोकळे सोडणारा 'कसे' आणि 'का' उलटतपासात जपून विचारावा. तिथे हो-नाही असे उत्तर येणारे सूचक प्रश्न विचारता येतात. सरतपासात मात्र आपल्या साक्षीदाराला सूचक प्रश्न विचारता येत नाहीत, तिथे त्याला त्याच्या शब्दांत सांगू द्यावे लागते. पोलिसांपुढचा जबाब हा स्वतः पुरावा नव्हे, पण साक्षीदार कोर्टात वेगळे बोलला तर विसंगती दाखवायला बचावाला तो वापरता येतो. १८७२ चा पुरावा कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला, तरी हे मूळ नियम बदललेले नाहीत. व्याख्यान देऊन हे सांगितले असते तर चाचणी परीक्षेपर्यंतही टिकले नसते. नंतर मी मुलांना अब्राहम लिंकनचा १८५८ चा खटला सांगितला. त्यातही साक्षीदाराने चांदण्यात खुनी पाहिल्याचे शपथेवर सांगितले होते. लिंकनने पंचांग काढून दाखवले की त्या वेळी चंद्र मावळतीला टेकला होता. आरोपी सुटला. मुलीला ही गोष्ट आधी माहीत नव्हती, हे मी मुद्दाम नमूद करतो.

आमच्या निकालानंतर एका पालकांनी मला गाठले. म्हणाले, "मास्तर, शेजाऱ्यानेच गंजी पेटवली असेल तर? तुम्ही मुलांना गुन्हेगार सोडवायला शिकवता काय?" प्रश्न रास्त आहे. वकील म्हणजे खोटे बोलणारा, ही समजूत काही वकिलांनी आपल्या कर्तृत्वाने मिळवलेली आहे, ती मी नाकारत नाही. पण त्या मुलीने खोटे काय सांगितले? चंद्र खरा होता, जबाब खरा होता. तिने आरोपी निर्दोष आहे असे शपथेवर सांगितले नाही. एवढ्या पुराव्यावर माणसाला शिक्षा करता येत नाही, इतकेच दाखवले. उद्या तुमच्या मुलावर कोणी असाच चांदण्यातला आरोप केला, तर तुम्ही असाच वकील शोधाल.

बाजू बदलण्याविषयीही एक इतिहास सांगण्यासारखा आहे. १८९७ साली लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला तेव्हा आधी नाकारलेला जामीन न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी मंजूर केला. हे तय्यबजी मुंबईचे पहिले हिंदी बॅरिस्टर आणि १८७४ साली स्थापन झालेल्या अंजुमन-ए-इस्लामच्या संस्थापकांपैकी एक. त्या दिवशी टिळकांच्या जामिनासाठी उभे होते बॅरिस्टर दावर. तेच दावर १९०८ साली न्यायाधीशाच्या खुर्चीवर होते, आणि त्यांनीच टिळकांना सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. याचा अर्थ काय लावायचा ते वरच्या वर्गातल्या मुलांनी आपसांत वाद घालून ठरवावे. माझे मत मी इथे सांगत नाही.

आपल्या मुलांची एक भीती वेगळी आहे. घरी दखनी, शाळेत उर्दू किंवा मराठी, आणि कोर्टात कोणती भाषा? तालुका-जिल्हा कोर्टाचे काम मराठीत चालते. आता त्या मराठीतले शब्द ऐका: वकील, फिर्याद, दावा, अर्ज, जामीन, कैफियत, मुद्देमाल, तारीख, हजर, दाखल, वकालतनामा. यातला कोणता शब्द तुमच्या दादीला परका आहे? १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता, इथल्या कचेऱ्यांत उर्दू चालत असे, आणि हैदराबादला १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचे माध्यमच उर्दू होते. कोर्टाची मराठी ही आपल्या मुलांना वाटते त्यापेक्षा बरीच जवळची आहे. ती व्याकरणशुद्ध बोलायला शिकावे लागेल, हे खरे. पण लाजण्याचे कारण नाही. वरच्या कोर्टासाठी इंग्रजी लागेल, त्याला इलाज नाही.

ज्यांना पुढे हा रस्ता धरायचा आहे त्यांच्यासाठी थोडी माहिती. बारावीनंतर पाच वर्षांचा आणि पदवीनंतर तीन वर्षांचा, असे कायद्याचे दोन अभ्यासक्रम आहेत; महाराष्ट्रात दोन्हींसाठी राज्याची प्रवेश परीक्षा असते. राष्ट्रीय विधी विद्यापीठांची परीक्षा वेगळी. विधी महाविद्यालय धाराशिव शहरात आहे, लातूरला दयानंद आहे, छत्रपती संभाजीनगरला माणिकचंद पहाडे विधी महाविद्यालय आहे आणि २०१७ पासून तिथेच राष्ट्रीय विधी विद्यापीठही आहे. १९८१ पासून उच्च न्यायालयाचे खंडपीठही त्याच शहरात आहे. महाविद्यालय निवडताना इमारत पाहू नका. एकच प्रश्न विचारा: इथे मुले किती वेळा उभी राहतात? बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत वर्षाला तीन मूट कोर्टांची तरतूद आहे, प्रत्येकी दहा गुणांची, पाच लेखी मांडणीला आणि पाच तोंडी युक्तिवादाला. शिवाय एक दिवाणी आणि एक फौजदारी असे दोन खटले प्रत्यक्ष कोर्टात बसून पाहायचे आणि त्यांची नोंद ठेवायची. काही ठिकाणी ही नोंदवही मागच्या वर्षीच्या मुलाकडून उतरवून घेतात असे कानावर येते. पण हा ऐकीव पुरावा, तो ग्राह्य नाही, म्हणून सोडून देतो.

आणि खटला पाहायला कायद्याचा विद्यार्थी असावे लागत नाही. काही नाजूक प्रकरणे वगळली तर कोर्ट सर्वांना खुले असते. सुटीत मुलाला, आणि मुलीलाही, घेऊन जिल्हा न्यायालयात एक तास मागच्या बाकावर बसा. मोबाईल बंद ठेवा, न्यायाधीश आले की उभे राहा. साक्षीदार घाबरून कुठे 'जी साहेब' म्हणतो तेवढे मुलाला टिपून घ्यायला सांगा.

आमचा पुढचा खटला दिवाणी आहे. बांधावरचे आंब्याचे झाड कोणाचे, हा वाद. वकिलांच्या जागा भरल्या आहेत, पण दोन साक्षीदार अजून हवेत, आणि त्यातला एक सत्तर वर्षांचा म्हातारा आहे. त्यासाठी एखादे आजोबाच मिळाले तर फार बरे होईल. कागद शाळेच्या ग्रंथालयात ठेवले आहेत. नावे शनिवारपर्यंत द्यावीत.