नळाचं पाणी आणि डिस्कसची अंडी



आज डिस्कस माशांविषयी थोडं बोलतो. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो, हा ताटलीसारखा गोल, चपटा मासा. पूर्ण वाढला की हाताच्या पंजाएवढा होतो. मूळचा अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला. माझ्या आईने आमच्या टाकीसमोर उभं राहून विचारलं होतं, "या पापलेटांना रंग कोणी दिला रे?" कोकणातल्या माणसाला याहून नेमकं वर्णन सुचणार नाही.

डिस्कस पाळणं वाटतं तितकं अवघड नाही. 28 ते 30 अंश ऊब, स्वच्छ पाणी आणि पाच-सहा जणांची सोबत मिळाली की ते लंडनच्या नळाच्या पाण्यातही सुखाने राहतात. अडचण येते ती पुढे. जोडी जमते, कुंडीच्या पालथ्या पाठीवर शे-दीडशे अंडी घातली जातात, घरातली मुलं टाकीला नाक लावून बसतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळी अंडी पांढरीफटक. असं एकदा झालं तर सोडून द्या, नवी जोडी पहिल्या काही खेपा वाया घालवतेच, कधी स्वतःची अंडी खातेही. पण पाच-सहा वेळा झालं तर थांबायला हवं, कारण अंडी गेली की मादी आठ-दहा दिवसांत पुन्हा घालते आणि हळूहळू अंगाने उतरत जाते.

आधी एक खात्री करून घ्या. तुमची जोडी म्हणजे दोन माद्या तर नाहीत ना? हसू नका. डिस्कसमध्ये नर-मादी वरून ओळखणं कठीण, आणि दोन माद्याही एकमेकींशी जोडी जमवून अंडी घालतात. ती शंका फिटली की मग पाण्याकडे वळा.

आपल्याकडे बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही म्हणतात. लंडनचं पाणी त्याच जातीचं. चुनखडीच्या थरांतून आलेलं, कॅल्शियमने भरलेलं. चहावरचा तवंग आणि किटलीतला पांढरा थर तुम्ही रोज बघताच. मोठ्या माशाला हे चालतं. अंड्यांना चालत नाही, कारण कॅल्शियम जास्त असलं की ती फलित होण्यात आणि फुटण्यात अडथळा येतो. ग्लासगो किंवा मँचेस्टरला राहणाऱ्यांनी हा भाग सोडून द्यावा, तुमच्या नळाला मुळातच मऊ पाणी येतं. नशीब तुमचं.

इथे बहुतेक जण पीएचच्या मागे लागतात. दुकानात आम्लाचे थेंब मिळतात, ते घालायचे, संध्याकाळी आकडा खाली, सकाळी पुन्हा वर. जड पाण्यातले बायकार्बोनेट ते आम्ल गिळून टाकतात. तुम्ही रोज थेंब घालता, आकडा रोज खालीवर होतो आणि त्यात हाल होतात माशांचे. मी कन्सल्टंट माणूस, आकड्यांवर प्रेम करतो, पण इथे पीएचचा आकडा आधी बघूच नका. आधी पाणी मऊ करा.

त्याला उपाय आपल्या ओळखीचाच, आरओ. पुण्या-मुंबईच्या स्वयंपाकघरात भिंतीवर असतो तोच. आमच्या नळाच्या पाण्याला टीडीएस मीटर 400 च्या आसपास दाखवतो. एक भाग नळाचं आणि चार भाग आरओचं मिसळलं की 80 वर येतं. एवढ्यावर काम होतं. शुद्ध आरओ मात्र तसंच वापरू नका. त्यात क्षार जवळजवळ नसतातच, मग पीएच कधी कोसळेल ते कळत नाही. आरओच्या एका लिटरमागे साधारण तीन-चार लिटर पाणी वाया जातं, ते बागेला घाला. आणि मिश्रणात नळाचं पाणी आहे म्हणून क्लोरिन काढणारं औषध हवंच. काही भागांत क्लोरामिन असतं, ते रात्रभर बादली उघडी ठेवून उडून जात नाही.

पाणी मऊ झालं की पीएच थोड्या प्रयत्नाने खाली येतो. त्यासाठी इथली दुकानं देशी बदामाची वाळकी पानं पाकिटातून विकतात. होय, शाळेच्या आवारात झाडून ढीग लावायचो तीच. दोन पानं टाकली की पाणी कोऱ्या चहासारखं होतं आणि किंचित आम्लधर्मी.

एक धोका लक्षात ठेवा. आम्लधर्मी पाण्यात माशांची घाण अमोनियम म्हणून साचते, आणि अमोनियम फारसं विषारी नसतं. पण अशा पाण्यात एकदम पुष्कळ नळाचं पाणी ओतलंत, तर पीएच चढतो आणि त्याचाच विषारी अमोनिया होतो. म्हणून पाणी थोडं थोडं आणि रोज बदला. नवं पाणी टाकीइतकंच ऊबदार आणि त्याच मिश्रणाचं असू द्या.

सगळं जुळलं तर साधारण अडीच-तीन दिवसांत अंडी फुटतात. आणखी दोन-तीन दिवसांनी पिल्लं सुटी होतात आणि थेट आईबापांच्या अंगाला चिकटतात. त्यांच्या त्वचेवर जो चिकट स्राव येतो, तेच पिल्लांचं पहिलं अन्न. आई दमली की अंग झटकते, पिल्लं बापाकडे जातात. प्लिमथच्या संशोधकांनी 2010 मध्ये याचा अभ्यास मांडला. पहिले दोन आठवडे पालक पिल्लांना भरवतात आणि तिसऱ्या आठवड्यापासून त्यांच्यापासून दूर पोहू लागतात, म्हणजे चक्क दूध तोडणं. घरातल्या मुलांना हे दाखवायला मिळावं, एवढ्यासाठी तरी मी ही सगळी यातायात करतो. चार-पाच दिवसांनी जोडीला ताजा फुटलेला आर्टेमिया सुरू करा, दिवसातून अनेकदा. पिल्लं आईबापांपासून वेगळी केली की हळूहळू नळाच्या पाण्यावर आणा, वाढत्या हाडांना कॅल्शियम लागतं.

पण त्याआधी घरात बसून ठरवा, शंभर पिल्लं जाणार कुठे? दुकानदाराशी आधी बोलून घ्या. कालव्यात सोडणं हा इथे गुन्हा आहे, आणि त्या थंडीत ती जगणारही नाहीत. आणि डिसेंबरात लग्नसराईला चार आठवडे भारतात जायचं असेल, तर जोडीला तोपर्यंत जड पाण्यातच राहू द्या. त्या पाण्यात अंडी फुटण्याची शक्यता कमी, आणि मोठ्या माशांना खायला घालायला शेजाऱ्यांना सांगता येतं. पिल्लांना दिवसातून पाच वेळा भरवायला कोणता शेजारी येणार? आरओ परत आल्यावर सुरू करा.