मेंदूतले लाल ठिपके आणि माझा चुकलेला डोस

(पॉडकास्टच्या या भागाचं लिखित रूप)

आजचा भाग थोडा वेगळा आहे. मी कोड लिहिणारा माणूस, डॉक्टर नाही. पण गेल्या वर्षी मला कुत्रा चावला, आणि त्यातून मी अशा एका गोष्टीपर्यंत पोचलो की ती सांगितल्याशिवाय राहवत नाहीये.

रात्री साडेअकराला ऑफिसमधून आलो, गाडी लावत होतो, तेवढ्यात पोटरीला दात लागले. रक्त थेंबभर. आजीला फोन केला, तर म्हणाली, "अरे, मिरचीपूड भर त्यात." रूममेट म्हणाला, "गप नळाखाली पाय धर." नशीब, मी त्याचं ऐकलं. सकाळी सरकारी दवाखान्यात गेलो. रक्त आलं होतं म्हणून जखमेतच इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शन दिलं आणि लसीचा पहिला डोस. पुढचे डोस 3, 7 आणि 28 व्या दिवशी. पहिला दिवस शून्य धरायचा. आपल्या अ‍ॅरेसारखंच!

तिसऱ्या दिवशीचा डोस घेतला. सातव्या दिवशी रिलीज होतं. जखम भरलेली, म्हटलं बघू नंतर. दोन दिवस उशिरा गेलो, तर सिस्टर म्हणाल्या, "जखम भरली म्हणजे संपलं, असं कुणी सांगितलं तुला?"

खरंच, कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. मग वाचायला बसलो.

तर चला 1903 मध्ये, इटलीतल्या पाव्हिया शहरात. अडेल्की नेग्री नावाचा 26 वर्षांचा डॉक्टर, कामिलो गॉल्जी यांच्या प्रयोगशाळेत काम करत होता. रेबीजने मेलेल्या प्राण्यांच्या मेंदूचे पातळ काप रंगवून तो मायक्रोस्कोपखाली बघायचा. त्याला चेतापेशींच्या आत गोल, लांबट ठिपके दिसले, लाल रंग धरणारे. त्याला वाटलं, हाच रेबीजचा जंतू, एक परजीवी!

पण त्याच वर्षी कॉन्स्टँटिनोपलमध्ये रेमलिंजर आणि त्याच्या सहकाऱ्याने दाखवलं, की रेबीजचं विष बॅक्टेरिया अडवणाऱ्या गाळणीतूनही पार जातं. म्हणजे जंतू फारच बारीक. साध्या मायक्रोस्कोपमध्ये दिसणारा तो ठिपका एकटा जंतू असणं शक्यच नाही.

नेग्री 1912 मध्ये, पस्तिशीतच वारला. ठिपक्यांना मात्र त्याचंच नाव राहिलं, नेग्री बॉडीज. पुढची कित्येक दशकं पिसाळलेल्या कुत्र्याचं निदान असंच व्हायचं: कुत्रा मेल्यावर मेंदू तपासायचा, ठिपके दिसले की रेबीज नक्की. पण उलटं खरं नव्हतं. ठिपके नाहीत म्हणून रेबीज नाही, असं म्हणता यायचं नाही. म्हणून नंतर जास्त भरवशाच्या चाचण्या आल्या.

मग ते ठिपके आहेत तरी काय? बरीच वर्षं लोकांना वाटायचं, पेशीत साचलेला कचरा असेल. 2009 मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी दाखवलं, की विषाणूच्या आरएनएच्या नव्या प्रती तिथेच तयार होतात. म्हणजे आपण ज्याला कचराकुंडी समजत होतो, तो चालू कारखाना निघाला!

आणि 2017 मध्ये आणखी मजेशीर गोष्ट कळली. या कारखान्याला भिंतीच नाहीत, तो चक्क द्रव थेंब आहे. मिसळीच्या तर्रीवर तेलाचे थेंब आठवा. दोन थेंब एकमेकांना टेकले की एक होतात. हे ठिपकेही तसेच: गोल असतात, एकमेकांत मिसळतात, कशाला घासले तर दबतात आणि पुन्हा गोल होतात.

हे थेंब बनतात कसे? रेबीजच्या विषाणूकडे जेमतेम पाच जनुकं आहेत, म्हणजे पाच प्रथिनं. त्यातली दोन, एन आणि पी, पेशीत एकत्र आली तरी असे थेंब तयार होतात. एन प्रथिन आरएनएला गुंडाळून घेतं. पी प्रथिन प्रती काढणाऱ्या एन्झाइमला तिथवर आणतं. ही मंडळी एकमेकांना सैलसर धरून ठेवतात आणि पेशीच्या रसापासून वेगळी होतात. लागणारं सगळं सामान एका थेंबात गोळा! मग तयार झालेल्या प्रती थेंबातून बाहेर पडतात, पेशीतल्या सूक्ष्म नळ्यांच्या रुळांवरून पुढे जातात, आणि त्यांतल्या काही दुसरीकडे नवा थेंब सुरू करतात. गोवर आणि आरएसव्हीचे विषाणूही असेच थेंब बनवतात.

आता सिस्टरच्या प्रश्नाकडे येऊ. चावल्यावर विषाणू आधी स्नायूत असतो. तिथून तो चेतातंतूत शिरतो आणि आतून मज्जारज्जूकडे, मग मेंदूकडे सरकतो. याला बहुधा काही आठवडे ते महिने लागतात. तोवर वरची कातडी भरून येते, माणूस ऑफिसला जातो, रिलीज करतो. आणि या काळात "तुझ्या अंगात विषाणू आहे की नाही" हे सांगणारी कुठलीही चाचणी नाही. ठिपके दिसतात ते मेंदूत, आणि तिथे ते बनायला लागले, लक्षणं सुरू झाली, की माणूस जवळपास कधीच वाचत नाही.

आमच्या कामात सवय असते, आधी लॉगमध्ये एरर दिसू दे, मग बघू. इथे एरर दिसली तेव्हा सिस्टम गेलेली असते. मधले जे शांत दिवस आहेत ना, तेवढेच आपले. लस त्या दिवसांतच काम करते. आणि मी त्यातले दोन दिवस एका रिलीजपायी घालवले. मला काही झालं नाही. पण ते माझं शहाणपण नव्हतं.

म्हणून चार गोष्टी लक्षात ठेवा. कुत्रा, मांजर, माकड, कुणीही चावलं किंवा ओरबाडलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवा. घड्याळ लावून. मिरची, हळद, चुना काही लावू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि डॉक्टर सांगतील ते सगळे डोस ठरलेल्या तारखांना घ्या. फोनमध्ये रिमाइंडर लावा, तेवढ्यासाठी तरी तो स्मार्ट आहे.

आजीला मी हे सगळं सांगितलं. थेंबांचं तिला फार काही पटलं नाही. पण परवा शेजारच्या पोराला कुत्र्याने ओरबाडलं, तेव्हा तिनेच त्याला हाताला धरून नळाखाली उभं केलं म्हणे.

हा भाग घरच्या ग्रुपवर नक्की टाका. भेटूया पुढच्या वेळी. काळजी घ्या!