दोराचे वरचे टोक



चैत्र लागला आणि पाणी तळाला गेले, म्हणजे निपाणीपासून बेळगावापर्यंतच्या आमच्या पट्ट्यात विहिरींचा गाळ काढण्याचे दिवस येतात. तंबाखू वखारीत जाऊन पडलेली असते, शेतकऱ्याच्या हाताला थोडी सवड असते, आणि मृगाच्या आत विहीर साफ झाली नाही तर वर्षभर हळहळत बसावे लागेल हे त्याला ठाऊक असते. याच दिवसांच्या आगेमागे उत्तम शुक्रवार येतो. ख्रिस्ती तारण या विषयावर रेडिओवर दहा मिनिटे बोलण्याविषयी मला सुचविण्यात आले, तेव्हा शास्त्रातील प्रमाणे काढून ठेवण्याऐवजी माझे मन जे विहिरीच्या काठावर जाऊन उभे राहिले ते तेथून हलावयास तयार होईना. म्हणून मी विहिरीविषयीच बोलणार आहे.

विहीर म्हणजे काय हे या भागातल्या माणसाला सांगावयास नको. १९२४ च्या डिसेंबरात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली बेळगावास राष्ट्रसभेचे, म्हणजे काँग्रेसचे, अधिवेशन भरले, तेव्हा जमणाऱ्या हजारो माणसांच्या पाण्याची सोय म्हणून टिळकवाडीच्या बाजूस जी विहीर खोदली गेली, ती काँग्रेस विहीर म्हणून आजही प्रसिद्ध आहे. अधिवेशनातले पुढारी आपल्याला नावानिशी ठाऊक आहेत. तळाशी पहार घेऊन उभे राहिलेल्या माणसांची नावे मी कोठे वाचलेली नाहीत. हे काम आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वडारांनी आणि गावोगावच्या भूमिहीन मजुरांनी केले. वर यारी किंवा नुसती कप्पी, तिच्यावरून सोडलेला दोर, दोराला घमेले, आणि खाली कमरेइतक्या चिखलात माणूस. वरून दगड सुटू शकतो, काठ ढासळू शकतो, सुरुंगाची वात पेटवून वर येताना दोर अडकू शकतो. पण या कामातले सर्वांत मोठे भय डोळ्यांना दिसतच नाही.

पुष्कळ दिवस न उपसलेल्या आडात पालापाचोळा कुजत राहतो; तो हवेतला प्राणवायू खातो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो. हा वायू हवेच्या सुमारे दीडपट जड, त्याला रंग नाही, वास नाही. तळाशी तो पाण्यासारखा साचून राहतो. म्हणून जुनी जाणती माणसे आधी कंदील सोडीत. आपण घेतो त्या हवेत प्राणवायू शेकडा २१ असतो. तो १६-१७ च्या आसपास उतरला की ज्योत विझते, आणि माणूस कोसळण्याआधी ती विझते हाच त्या कंदिलाचा उपकार. कंदील विझला तर लिंबाचा मोठा डहाळा दोराला बांधून वरखाली हालवावयाचा, वरून पाण्याच्या घागरी ओतावयाच्या, आणि पुन्हा कंदील सोडून पाहावयाचे. हल्ली विहिरीत ऑइल इंजिन उतरवून पाणी उपसतात, त्यांनी मात्र ध्यानात ठेवावे की इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड ज्योत विझवीत नाही आणि माणसाला मारतो. अशा विहिरीत कंदिलाच्या भरवशावर कोणाला उतरवू नये. हा आजचा विषय नव्हे, पण सांगितल्यावाचून राहवत नाही.

पुढचा प्रकार आपण सर्वांनी वर्तमानपत्रांत वाचलेला आहे. एक जण उतरतो आणि कोसळतो. काठावर त्याचा भाऊ असतो, बाप असतो, कधी नुसता शेजारी असतो. तो मागचापुढचा विचार न करता खाली झेपावतो आणि पहिल्याच्या शेजारी पडतो. मग तिसरा. फौजदार येऊन पंचनामा करतात, तेव्हा मयतांमध्ये एकाच आडनावाची नावे एकाखाली एक येतात, आणि दुसऱ्या नावापुढे नोंद असते: वाचविण्याकरिता उतरला असता. त्याच्या मायेत काडीचे उणे नव्हते. पण ज्या हवेने भाऊ पडला त्याच हवेत तो उतरला, आणि वरच्या हवेशी त्याला जोडणारे काहीच त्याच्या कमरेला नव्हते.

काही वर्षांपूर्वी निपाणीजवळच्या एका खेड्यात मी स्वतः जे पाहिले ते सांगतो. मालकाला घाई होती. कंदील शोधण्यात दिवसाची मजुरी वाया जाईल असा त्याचा हिशेब होता. एक मजूर उतरला, तीन घमेली वर आली, आणि चौथ्याला खालून हाक आलीच नाही. एक तरुण वडार तत्काळ उडी घ्यावयास निघाला. त्याच्या म्हाताऱ्या बापाने त्याचा सदरा धरून त्याला मागे ओढले, त्याच्या कमरेला दोर बांधला, दुसरा दोर त्याच्या खांद्यावर टाकला, आणि पहिल्या दोराचे वरचे टोक, तेथे धट्टेकट्टे गडी उभे असतानाही, कोणाच्या हाती न देता स्वतःच्या दोन्ही तळहातांवर वेढे देऊन घेतले. तोपर्यंत दुसऱ्यांनी डहाळ्याने हवा हालविली होती. मुलगा छातीत श्वास कोंडून उतरला. बाप काही बोलला नाही. त्याचे ओठ मात्र मोजीत होते. आत दोराला तीन हिसके बसले, तशी त्याने कन्नडात एकच आरोळी दिली, ‘जग्गरी!’, म्हणजे ओढा, आणि मराठी, कानडी सगळे हात एकदम दोरांना लागले.

शास्त्र पापाविषयी काय म्हणते ते मला या तळाशी नीट उमगते. पाप म्हणजे चुका, असे आपण धरून चालतो. चूक करणारा शुद्धीवर असतो, त्याची कानउघाडणी करता येते. पण पौलाने इफिसकरांस लिहिताना आपणांस अपराधांत मेलेले म्हटले आहे. काठावर उभे राहून हात वर कर, दोर धर, पायरीवर पाय ठेव, असे ओरडणाऱ्याचा सल्ला बिनचूक असेलही; पण बेशुद्ध माणूस दोर धरीत नाही. हे मी पुन्हा म्हणतो, कारण दर रविवारी उपासनेस बसणाऱ्या माझ्या बंधुभगिनींपैकीही पुष्कळांची समजूत अशी आहे की, देवाने वरून दोर सोडलेला आहे आणि तो घट्ट धरून वर चढणे एवढे आपल्याकडे राहिले आहे. मग ज्याची पकड सैल तो रात्रंदिवस स्वतःचे हात तपाशीत बसतो. अहो, बेशुद्ध माणूस दोर धरीत नाही! त्याच्या काखेतून दोर घालून गाठ मारणारा कोणीतरी त्याच चिखलात उतरावा लागतो, आणि त्याच्या स्वतःच्या कमरेचा दोर वर, बापाच्या हातात असावा लागतो.

मग विश्वास कशाला म्हणावयाचे, असे कोणी विचारील. त्या मजुराला अर्ध्या वाटेवर थोडी शुद्ध आली तेव्हा तो धडपडू लागला, छातीवरची गाठ आवळते म्हणून ती सोडावयास त्याची बोटे गेली. वरून सगळे ओरडले, ‘राहू दे, गाठ राहू दे!’ त्याने बोटे काढून घेतली. त्या काढून घेण्याला मी विश्वास म्हणतो.

यिर्मयाच्या ३८ व्या अध्यायातली कथा येथे आठवल्यावाचून राहत नाही. सरदारांनी संदेष्ट्याला कोरड्या हौदात सोडले आणि तो गाळात रुतला. त्याच्याकरिता राजाकडे रदबदली केली ती राजवाड्यातल्या एका परदेशी नोकराने, एबद-मलेख नावाच्या कूशी माणसाने. राजाचा हुकूम मिळाला, तीस माणसे मिळाली, दोर मिळाला; एवढ्यावर काम भागले असते. पण तो भांडाराखालच्या खोलीत गेला, तेथून जुनी फाटकी वस्त्रे आणि चिंध्या त्याने गोळा केल्या, दोराबरोबर त्या खाली सोडल्या, आणि काखेत दोराखाली घ्यावयास यिर्मयाला सांगितले. ओढताना दोर काचू नये म्हणून! यिर्मया शुद्धीवर होता, हा फरक मी विसरत नाही. पण हौदाच्या काठावर उभे असताना तळातल्या माणसाची कातडी ज्याला आठवली, त्या कूशी माणसाविषयी मी एक संपूर्ण भाषण करीन. आज वेळ नाही.

माझा दाखला एका जागी अपुरा पडतो, हे मला कबूल आहे. तो तरुण श्वास कोंडून उतरला आणि तो सुटण्याआधी वर आला. प्रभू येशूने आपला श्वास राखून ठेवला नाही, वधस्तंभावर तो सोडला. म्हणजे वाचविण्याकरिता उतरला असता, या नोंदीपुढे त्याचेही नाव लागते. त्या दुपारी वरून उत्तर आले नाही, आणि तरीही दोर तुटलेला नव्हता, हे तिसऱ्या दिवशी... पण समोरच्या काचेतून मला खूण झाली आहे, आणि पुनरुत्थान अर्ध्या मिनिटात सांगण्याचा विषय नव्हे. ज्यांच्या घरी या आठवड्यात गाळ काढावयाचा आहे त्यांनी, मी पाया पडून सांगतो, आधी कंदील सोडावा.

त्या दिवशी आधी मजूर वर आला, मागून मुलगा. दोघेही जगले. मुलगा काठावर बसला, त्याने चूळ भरली, तांब्याभर पाणी प्याला, तरी म्हाताऱ्याच्या तळहातांवरचे वेढे तसेच होते. शेवटी त्याची सून जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाली, ‘मामा, सोडा आता.’