आधी काकडा, मग मोबाईल
(कलशारोहण प्रसंगी झालेले भाषण)



देवळाचे काम पुरे झाले. कुणी रोख रक्कम दिली, कुणी सिमेंटची पोती दिली, कुणी ट्रॅक्टर दिला, आणि ज्यांच्यापाशी देण्यासारखे काही नव्हते त्यांनी श्रमदान केले. त्या सर्वांची नावे या स्मरणिकेत आहेतच. आता प्रश्न उरला तो एवढाच, की पहाटे या मंडपात बसणार कोण?

जीर्णोद्धार म्हटला की पुण्यश्लोक अहिल्यादेवींची आठवण होते. जामखेड तालुक्यातील चौंडी हे त्यांचे जन्मगाव, जन्म 1725 सालचा. 2024 साली या जिल्ह्याने त्यांचेच नाव धारण केले. त्यांनी उभारलेली देवळे, घाट आणि विहिरी सर्वांना ठाऊक आहेत. त्यांची पहाट मात्र फारशी कुणाला ठाऊक नाही. जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांच्या पश्चात माळव्यात चौकशी करून 1823 साली ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात बाईंचा दिनक्रम दिला आहे. उजाडण्याच्या तासभर आधी उठावयाचे, पूजाप्रार्थना करावयाची, पोथी ऐकावयाची, दानधर्म करावयाचा, मग भोजन. दरबारात बसावयाचे ते दुपारी दोन वाजता. सायंकाळी सहाला दरबार उठला की पुन्हा दोन-तीन तास देवाचे, आणि रात्री नऊ ते अकरा परत राज्याचे काम.

या बाईंचे पती 1754 साली कुंभेरीच्या वेढ्यात पडले, सासरे मल्हारराव 1766 साली गेले, पाठोपाठ 1767 साली मुलगा गेला. होळकरांचा सारा कारभार एकटीच्या शिरावर आला. बरीवाईट बातमी आधी कानी घालून घ्यावी असे कुणाला वाटावयाचे तर ते त्यांना वाटावयास हवे होते. तरीही दिवसाचा पहिला प्रहर त्यांनी राज्यालासुद्धा दिला नाही.

आज घरोघरी डोळा उघडला की हात उशाखाली जातो. यात सारा दोष मोबाईलचा आहे असे म्हणणे बरोबर नाही. रात्रपाळीची वीज आली की मोटार सुरू करावयास निघालेल्या शेतकऱ्याच्या हाती त्याचीच बॅटरी असते, आणि उसात बिबट्या असेल तर ती हवीच. कांद्याचा भाव, पावसाचा अंदाज, डेअरीचा हिशोब हे सारे त्यातच. आणि पडदा देवघरात शिरला तो काही आजच नव्हे. 1987-88 साली रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'रामायण' लागे, तेव्हा लोक आंघोळ करून बसत, संचाला हार घालीत. ते मात्र आठवड्यातून एकदा, आणि सारी आळी एका घरात जमून. आताचा पडदा ज्याचा त्याच्या हातात, आणि घरातली चार माणसे चार दिशांना. आजी देवापुढे दिवा लावते तेव्हा पाठीशी कुणी नसते.

यावर काही उपाय आहे का? सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे. वस्ती सुमारे तीन हजार. करोनाच्या काळात शाळा मोबाईलवर भरली, पुढे वर्ग उघडले तरी मुलांच्या हातचा मोबाईल सुटेना. 2022 साली 14 ऑगस्टला गावाने ठराव केला. सायंकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो, घराघरातले टीव्ही आणि मोबाईल बंद होतात. साडेआठपर्यंत मुलांनी अभ्यास करावयाचा, थोरांनी वाचावयाचे किंवा एकमेकांशी बोलावयाचे. आधी लोक हसले. मग महिलांची सभा घेतली, कारण मालिकांची वेळही तीच. अंगणवाडीच्या बाया, निवृत्त गुरुजी, पंचायतीचे लोक दारोदार फिरले. निव्वळ भोंग्याने काही झाले नसते. बापाने फोन ठेवला म्हणून पोराने ठेवला, हे त्यातले खरे काम.

हे काही परमुलखातले नाही. पारनेर तालुक्यात राळेगणसिद्धीला 1975 नंतर यादवबाबांचे देऊळ नीट झाले, लोक तेथे जमू लागले, आणि दारूभट्ट्या बंद करण्याचे देवळातच ठरले. दारू सुटली, तिथे अर्धा तास फोन सुटणे अवघड नसावे.

पहाटेला भोंग्याची गरजही नाही. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक लावता येत नाही. पुष्कळांना तो नियम जाचक वाटतो. खरे पाहता त्याने काकड्याला त्याचा मूळचा आवाज परत दिला आहे: टाळ, घंटा आणि माणसाचा गळा. कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत काकडा चालतो. तेवढा महिनाभर उठल्यापासून आरती होईपर्यंत घरात पडदा उघडू नये, एवढीच विनंती आहे. सक्ती नाही, दंड नाही. ज्याच्या घरी आजारी माणूस आहे, जी दवाखान्यात नोकरीला आहे, जो वायरमन आहे, त्यांनी फोन जवळ ठेवावा. देव रागावणार नाही.

एक अडचण देणगीदारांची आहे. पुण्या-मुंबईची मंडळी म्हणतात, आम्हांला येता येत नाही, काकडा मोबाईलवर दाखवा. त्यांचा जीव गावात अडकलेला आहे, हे कुणी नाकारीत नाही. आजच्या दिवशी अवश्य दाखवावे. पण रोज दाखवावयाचे तर रोज एकाने आरतीला हात जोडावयाचे सोडून फोन धरून उभे राहावयाचे. त्यापेक्षा त्यांनी आपापल्या खोलीत त्याच वेळी निरांजन लावावे आणि दिवाळीला गावी आल्यावर मंडपात पुढे येऊन बसावे.

जुन्या देवळांच्या भिंतींत दिव्यासाठी कोनाडे असत. नव्या मंडपात दाराशी तसाच एक कोनाडा करावा, आत येताना फोन त्यात ठेवावा. आरती झाली की घ्यावा आणि कांद्याचा भाव पाहावा. तोवर मार्केट यार्डात लिलावही सुरू झालेला नसतो.