प्रोग्राम सर्वांचा, नाव कोणाचे?

(मंडळाच्या गणेशोत्सवातील भाषण)



गणपतीपुढे संगणकाचा विषय कशाला, असे काहींना वाटेल. पण हल्ली आपण पंचांग मोबाइलवर पाहतो, आरतीही त्यातच वाचतो. ही अ‍ॅप कोण बनवतो आणि त्यांवर हुकूम कोणाचा चालतो, हे आपल्याला ठाऊक असावे.

कंपन्यांची अ‍ॅप-दुकाने सर्वांना माहीत आहेत. त्यांखेरीज स्वयंसेवकांची भांडारेही आहेत. संगणकासाठी डेबियन १९९३ पासून आहे, अँड्रॉइड फोनसाठी एफ-ड्रॉइड २०१० पासून. इथले प्रोग्राम मुक्त असतात. मूळ मजकूर कोणीही घ्यावा, बदलावा, वाटावा, अशी परवानगी कर्त्यानेच दिलेली असते. भांडाराचे स्वयंसेवक तो मजकूर घेऊन प्रोग्राम स्वतः तयार करतात आणि बहुधा आपलीच डिजिटल सही करतात.

आम्ही सरकारी नोकरीतली माणसे. मसुदा एकाचा आणि सही दुसऱ्याची, हे आम्हाला नवीन नाही. पण आमच्याकडे सही करणारा जबाबदार धरला जातो. इथे मात्र लोक कर्त्यालाच धरतात, कारण पडद्यावर नाव त्याचे दिसते.

२०१६ साली एक्सस्क्रीनसेव्हरच्या कर्त्याने डेबियनवर हीच तक्रार केली. त्याने केव्हाच दुरुस्त केलेल्या चुका जुन्या आवृत्तीत तशाच होत्या आणि लोक जाब त्याला विचारत होते. २०२५ च्या फेब्रुवारीत ओबीएस स्टुडिओ आणि फेडोरा यांच्यात असेच झाले. फेडोराने बांधलेली प्रत नीट चालेना, लोकांना ती मूळ कर्त्यांचीच वाटली आणि प्रकरण कायदेशीर कारवाईच्या इशाऱ्यापर्यंत गेले. पुढे समेट झाला.

मग सगळा अधिकार कर्त्याकडेच ठेवावा का? तसेही नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या प्रोग्राममध्ये चोरवाट सापडली. ती घालणारा बाहेरचा नव्हता. दीर्घकाळ मदत करून त्याने विश्वास मिळवला होता आणि नवी आवृत्ती काढण्याचा अधिकारही. नवे ते लगेच घेणाऱ्या चाचणी शाखांत ही चोरवाट पोहोचली. डेबियनची स्थिर शाखा वाचली, कारण ती नव्या आवृत्त्या घाईने घेत नाही. ज्या सावकाशीवर कर्ते चिडतात, तिनेच त्या वेळी लोकांचे रक्षण केले.

म्हणून आमचे मत असे, की बदलण्याचा हक्क सर्वांचा असावा, पण नाव कर्त्याचे राहावे. आपल्याला हे परके नाही. संतांचे अभंग कोणीही गावेत, कोणत्याही चालीत गावेत. पण स्वतःच्या ओळी रचून खाली संताची नाममुद्रा घातली, तर त्याला आपण क्षेपक म्हणतो. २००६ साली मोझिलाने सांगितले, की फायरफॉक्स हे नाव वापरायचे तर आमचे बोधचिन्ह हवे आणि बदलांना आमची संमती हवी. डेबियनला ते मान्य नव्हते. त्यांनी प्रोग्राम ठेवला, नाव सोडले आणि त्याला आइसविझल म्हटले. दहा वर्षांनी समेट होऊन जुने नाव परत आले. त्या दहा वर्षांत कोणाचे श्रम कोणाच्या नावावर खपले नाहीत.

आपल्यापुरते दोनच गोष्टी. भांडारातून अ‍ॅप घेतलेत आणि बिघडले, तर ती प्रत कोणी बांधली ते पाहा आणि तक्रार आधी तिथे करा. कर्ता बहुधा नोकरी सांभाळून रात्री जागणारा एकटा माणूस असतो. आणि आपली जी मुले-मुली प्रोग्राम लिहितात, त्यांनी तो खुला करण्यापूर्वी परवाना शेवटपर्यंत वाचावा. दिलेले वाटले जाणार, बदलले जाणार, हे मनाशी धरूनच द्यावे. नावाबद्दलची अट मात्र पहिल्याच दिवशी लिहून ठेवावी.

गणपती बाप्पा मोरया!