खिचडीच्या ताटातलं जग

(प्राथमिक शिक्षकांच्या संमेलनातील अध्यक्षीय भाषण)



अध्यक्षीय भाषणाची सुरुवात ज्ञानोबा-तुकोबांपासून करायची, ही महाराष्ट्राची जुनी रीत. ती आज पाळू, पण जरा आडवाटेनं. तुकोबांच्या घरी एकादशीला काय शिजत असेल? एवढं खात्रीनं सांगता येतं की साबुदाण्याची खिचडी नक्कीच नसेल.

साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा मूळचा ब्राझीलकडचा. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला, बटाटा पेरू-बोलिव्हियाच्या डोंगरातला, मिरची मेक्सिकोची. रताळं अमेरिकेचं, आणि ज्याचे लाडू एवढ्या भक्तिभावानं खाल्ले जातात तो राजगिराही तिकडचाच. १४९२ साली कोलंबस त्या बाजूला पोचला आणि पुढच्या दोन-तीन शतकांत पोर्तुगीज आणि इतर युरोपीय गलबतांतून ही मंडळी एकेक करत आपल्या स्वयंपाकघरात शिरली. साबुदाण्याचं नाव मात्र तिसऱ्याच ठिकाणचं. मलाय लोक एका ताडाच्या खोडातून पीठ काढत, त्याला सागू म्हणत; त्याचं आपण साबू केलं. दुसऱ्या महायुद्धात तिकडून माल येणं थांबलं, तेव्हा तमिळनाडूत सेलमच्या आसपास कसाव्यापासून साबुदाणा करण्याचा धंदा उभा राहिला. उपवासाच्या पानात अस्सल इथली म्हणावी अशी वरई तेवढी उरते. आणि वर सोडलेलं तूप.

तिसरी-चौथीच्या वर्गात जगातल्या संस्कृती शिकवायच्या असतील तर पहिला तास इथून सुरू व्हावा. त्याला प्रोजेक्टर लागत नाही. मधल्या सुट्टीतला डबा, भिंतीवर जगाचा नकाशा आणि लोकरीचे चार धागे एवढ्यावर काम भागतं. मिरचीपासून मेक्सिकोपर्यंत एकदा धागा ताणला की मेक्सिको हे परीक्षेपुरतं नाव राहत नाही.

प्रत्यक्षात शाळाशाळांतून होतं ते वेगळंच. स्नेहसंमेलनात ‘देशोदेशींचे पाहुणे’ रंगमंचावर येतात. जपानची मुलगी पंखा हलवते, अरबस्तानचा मुलगा आईच्या ओढणीला काळी दोरी बांधून येतो, आणि ‘आफ्रिका’ म्हणून चार पोरांना काजळ फासून, पानांचे झगे नेसवून नाचवलं जातं. पालक मोबाइल उंचावून फोटो काढतात. हे पाप प्रस्तुत अध्यक्षांच्या खात्यावरही जमा आहे, त्यामुळे इथं कुणावर बोट रोखण्याचा प्रश्न नाही. पण त्या पानांच्या झग्यातून मुलं काय शिकतात, हे एकदा नीट विचारायला हवं. आफ्रिकेत ५४ देश आहेत. त्यांतल्या केनियात २००७ सालापासून लोक साध्या बटणांच्या मोबाइलवरून एकमेकांना पैसे पाठवतात. एम-पेसा हे त्या सोयीचं नाव. आपलं यूपीआय आलं २०१६ मध्ये. भाजीवाल्याकडचा क्यूआर कोड रोज पाहणाऱ्या मुलाला ही गोष्ट पानांच्या झग्यापेक्षा कितीतरी जास्त समजते.

एस्किमोचंही तसंच. ‘एस्किमो बर्फाच्या घरात राहतात, त्याला इग्लू म्हणतात’ हे वाक्य कित्येक पिढ्यांनी पाठ केलं. कॅनडातल्या त्या लोकांना आज एस्किमो हे नाव आवडत नाही. ते स्वतःला इनुइट म्हणवतात. इग्लू हा प्रामुख्यानं शिकारीच्या वाटेवरचा, हिवाळ्यातला आसरा होता. आज ती माणसं साध्या, उबदार घरांत राहतात. १९९९ साली नुनावुत नावाचा त्यांचा वेगळा प्रदेशही झाला. आपण मात्र त्यांना अजून बर्फातच बसवून ठेवलं आहे. परदेशातल्या एखाद्या गुरुजींनी ‘भारतीय लोक हत्तीवरून कचेरीत जातात’ असं शिकवलं तर आपल्याला जे वाटेल, तेच त्यांना वाटत असणार.

मग करायचं काय? एक सोपी किल्ली अशी: कपडे आणि सण थोडे बाजूला ठेवावेत आणि प्रत्येक माणसाला पडणारा एखादा प्रश्न घ्यावा. मोजायचं कसं, हा असाच एक प्रश्न.

२०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून केवढं वादळ उठलं होतं ते इथं बसलेल्या सगळ्यांना आठवत असेल. मंगला नारळीकर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ असं वाचन सुचवलं. विधानसभेपासून चहाच्या टपरीपर्यंत थट्टा झाली. मराठी बुडाली, असा हंबरडाही ऐकू आला. त्या सगळ्या गदारोळात मुलांना जग दाखवायची एक झकास संधी मात्र हातची गेली. सीमेपलीकडे कानडीत ‘इप्पत्तोंदु’ म्हणतात, म्हणजे वीस-एकच. चिनी मूल म्हणतं दोन-दहा-एक. त्याच्या संख्येच्या नावातच दशक-एकक मांडून ठेवलेले. जर्मन मूल मात्र थेट आपल्या गोटातलं: ते म्हणतं एक-आणि-वीस. समितीचं म्हणणं पटो न पटो, फळ्यावर या चार ओळी शेजारी-शेजारी लिहिल्या असत्या तर दुसरीतल्या पोरांनीच वाद मिटवला असता, किंवा निदान आपल्यापेक्षा बरा वाद घातला असता.

याच्याही पुढची गंमत आहे. खेड्यातल्या जुन्या आज्या ऐंशी म्हणत नसत; ‘चार विसा’ म्हणत. अंडी, आंबे, शेणी, सगळं विसांत मोजलं जाई. शिकलेली नातवंडं त्यांना हसत. पॅरिसमधला प्राध्यापक आजही ऐंशीला चार-वीसच म्हणतो आणि सत्त्याण्णवला चार-वीस-दहा-सात. त्याला कुणी अडाणी म्हणत नाही. आणि एकोणीस, एकोणतीस यांतलं ‘एक कमी’? प्राचीन रोममधला माणूस लॅटिनमध्ये एकोणिसाला ‘एक-कमी-वीस’च म्हणत असे. ज्या मुलाला ‘एकोणसाठ’ जड जातं त्याला हे सांगून पाहावं. शब्द जडच राहील, पण जोडीला एक रोमन गडी मिळेल.

दुसरा प्रश्न: देवाचे आभार कसे मानायचे? त्यासाठी जेरुसलेमला जायला नको, अलिबागला गेलं तरी पुरे. तिथं इस्रायल आळी आहे, सिनेगॉग आहे. कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंचा पारंपरिक धंदा तेल गाळण्याचा; शनिवारी, म्हणजे शब्बाथला, घाणा बंद. म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना नाव दिलं शनवार तेली. शुभकार्यात, नवस फेडताना ते मलिदा करतात: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गोडाला साखर किंवा गूळ, सोबत फळं. प्रार्थना हिब्रूत, प्रेषित एलियाहूची आठवण काढून. १९४८ नंतर यांतले बहुतेक इस्रायलला गेले आणि तिकडेही मराठी बोलत राहिले, ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकही त्यांनी काढलं. रायगड जिल्ह्यातल्या शिक्षकाला ज्यू धर्म शिकवायला याहून चांगलं साधन कुठलं मिळणार? पोहे तर मुलांच्या ओळखीचेच असतात.

पुस्तकांबद्दल एकच सांगायचं. ‘तोत्तोचान’ हे जपानी पुस्तक मराठीत येऊन कित्येक वर्षं झाली. आगगाडीच्या जुन्या डब्यांत भरणारी ती टोकियोतली शाळा, आणि मुलांच्या डब्यात काही डोंगराकडचं, काही समुद्राकडचं असावं असं सांगणारे कोबायाशी गुरुजी. ती शाळा १९४५ च्या बाँबहल्ल्यात जळाली. जपान मुलांपर्यंत पोचतो तो या डब्यातून. तो पुठ्ठ्याचा पंखा कपाटातच राहू द्यावा.

एका गोष्टीबाबत सावधगिरी हवी. जग आता वर्गातच येऊन बसलं आहे. मुंबई महापालिकेच्या शाळा आठ माध्यमांत चालतात. साखर कारखान्यांच्या परिसरात, बांधकामांच्या शेजारी भरणाऱ्या वर्गांत तर दोन बाकांवर चार भाषा सापडतात. हे मोठं धन आहे. पण उत्साहाच्या भरात नेपाळहून आलेल्या चौकीदाराच्या मुलीला उभं करून ‘सांग बरं, तुमच्यात काय खातात?’ असं विचारलं की तिचं प्रदर्शन होतं. तोच प्रश्न सगळ्या वर्गाला विचारावा, आणि पहिलं उत्तर बाईंनी स्वतःच्या घरचं द्यावं. तिचा हात आपोआप वर येईल. नाही आला, तर त्या दिवशी नाही.

आता शेवटची विनंती, आणि ती अगदी खर्चाची आहे. स्नेहसंमेलनात देशोदेशींच्या पोशाखांवर जेवढे पैसे जातात तेवढ्यात जगाचा एक मोठा, धुता येण्याजोगा नकाशा येतो. यंदा तो घ्यावा. मुख्याध्यापकांच्या खोलीत, घड्याळाच्या वर टांगू नये. व्हरांड्यात लावावा, पहिलीतल्या मुलाचा हात पोचेल इतक्या खाली.